लॅपटॉप संथ आहे, ही तक्रार टिकणार नाही

प्रश्न थोडक्यात असा: मुलीच्या अभ्यासासाठी ऑनलाइन मिळणारा सर्वांत स्वस्त लॅपटॉप घेतला. तो पहिल्या दिवसापासून रखडत चालतो आणि विंडोजचे अपडेट 'जागा नाही' म्हणून अडते. परत घेण्याची मुदत संपली, असे विक्रेता सांगतो. सर्व्हिस सेंटरने जॉबशीटवर 'दोष आढळला नाही' असे लिहून दिले. खरेदीला 19 महिने झाले. पैसे आणि भरपाई मिळेल का?

उत्तर: संथपणाच्या मुद्द्यावर नाही. अशी पत्रे सतत येतात आणि बहुतेकांत सगळा भर संथपणावरच असतो. 4 जीबी रॅमचे यंत्र चार टॅब उघडल्यावर अडखळणारच. 'जे लिहिले तेच दिले' एवढे एक वाक्य सामनेवाल्याच्या (ज्याच्याविरुद्ध तक्रार आहे त्याच्या) वकिलाला पुरेल.

तुमचे प्रकरण टिकेल की पडेल, हे ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(10) वर ठरेल. 'दोष' म्हणजे फक्त बिघाड नव्हे. विक्रेत्याने कोणत्याही प्रकारे जो दर्जा किंवा जे प्रमाण सांगितले, त्यात वस्तू कमी पडली तर तोही दोषच. म्हणून पत्राच्या शेवटी तुम्ही जाता जाता जोडलेले दोन कागद माझ्या दृष्टीने सगळ्यांत महत्त्वाचे आहेत. बिलावर वस्तूच्या वर्णनात '4 जीबी / 128 जीबी' असे छापले आहे. आणि डिस्क मॅनेजमेंटच्या (यंत्रातल्या डिस्क दाखवणारी विंडोजची खिडकी) फोटोत एक नव्हे, दोन डिस्क दिसतात: एक सुमारे 58 जीबीची, दुसरी 59 जीबीची आणि तिच्यापुढे 'रिमूव्हेबल'.

128 च्या जागी 119 दिसले असते तर मी तुम्हाला घरी बसायला सांगितले असते. उत्पादक हजाराच्या पटीत मोजतात, विंडोज 1024 च्या. तो फरक फसवणुकीचा नाही. इथे मात्र मदरबोर्डवर 64 जीबीची ईएमएमसी चिप (कायमची बसवलेली साठवण) आहे आणि उरलेले 64 जीबी म्हणजे खाचेत बसवलेले मेमरी कार्ड असावे. विंडोज ईएमएमसीवर राहते, अपडेटला जागा मुख्यतः त्यावरच्या सी ड्राइव्हवर लागते, कार्ड तिथे फारसे कामाला येत नाही. तुमचे अपडेट अडते ते यामुळे. सर्व्हिस सेंटरचे जॉबशीटही तुमच्या विरोधात जात नाही: यंत्र बिघडलेले नाही, ते मुळातच कमी दिले आहे, असे तुम्हाला म्हणता येते.

सामनेवाला म्हणेल की कार्ड धरून 128 होतात. विक्रीच्या पानावर '64 + 64 कार्ड' असे स्पष्ट छापले असेल तर तुमची बाजू बरीच लंगडी पडेल. त्या पानाचा स्क्रीनशॉट तुम्ही घेतला नाहीत, ही मोठी हलगर्जी. ती पाने केव्हाही बदलली जातात. पैसे भरताना दोन मिनिटांचे काम होते, आता त्यासाठी जुने ईमेल धुंडाळावे लागतील. ऑर्डर निश्चित झाल्याचा ईमेल, खात्यातील ऑर्डरचा तपशील, खोक्यावरचे लेबल, यांत वर्णन कसे आहे ते बघा. 'कार्ड' हा शब्द कुठेच नसेल तर तुमची बाजू भक्कम आहे.

आता पुरावा. लॅपटॉप बंद अवस्थेपासून एकसलग व्हिडिओ घ्या: तळाचा अनुक्रमांक, मग सुरू करून डिस्क मॅनेजमेंट, मग कार्ड बाहेर काढून तीच खिडकी पुन्हा. एक डिस्क गायब होते, हे ग्राहक आयोगाच्या डोळ्यांना दिसले पाहिजे. एरवी दोष ठरवायला प्रयोगशाळेची चाचणी लागली तर ग्राहक कायद्याच्या कलम 38 प्रमाणे निकालाची मुदत 3 ऐवजी 5 महिन्यांची होते, आणि या मुदती कागदावरच राहतात हे तारखांना जाणारा प्रत्येक जण जाणतो. चाचणी टाळता आली तर टाळा. व्हिडिओ आणि ईमेलसोबत भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम 63 चे, म्हणजे इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठीचे, प्रमाणपत्र जोडा. आयोग पुराव्याचे नियम काटेकोर लावत नाहीत, पण हरकतीला जागा कशाला ठेवायची?

परत घेण्याची मुदत संपली, या उत्तराने खचू नका. ती त्यांची योजना आहे, कायदा नव्हे. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे जाहिरातीतल्या वैशिष्ट्यांशी न जुळणारी वस्तू परत घ्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. तक्रार दाखल करण्याची खरी मुदत ग्राहक कायद्याच्या कलम 69 ची: 2 वर्षे. ती कधीपासून मोजायची यावर वाद घालता येईल, पण तुम्ही लॅपटॉप हातात पडला त्या दिवसापासून धरा. म्हणजे 5 महिने उरले. ईमेल, नोटिसा, 1915 या ग्राहक हेल्पलाइनवरची तक्रार, यांपैकी कशानेही ही मुदत वाढत नाही. 19 महिन्यांतले बरेचसे तुम्ही 'बघतो, कळवतो' अशा उत्तरांवर घालवलेत. विलंब माफीच्या अर्जात हे कारण फारसे चालत नाही.

नोटीस या आठवड्यात पाठवा, 15 दिवस द्या, मग थेट तक्रार दाखल करा. तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात ती करता येते; ई-जागृती या सरकारी पोर्टलवरून ऑनलाइनही होते. 5 लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही. बिलावरचा विक्रेता आणि उत्पादक दोघांनाही सामनेवाले करा. संकेतस्थळ चालवणाऱ्या कंपनीलाही करा, पण तिच्यावर जबाबदारी येईल का, हे प्रकरणागणिक बदलते. बिलावर धंद्याचा जीएसटी क्रमांक असेल तर आधी मला कळवा, कारण मग तुम्ही 'ग्राहक' आहात का यावरच वाद होईल.

मागणीत किंमत, व्याज आणि खर्च ठेवा. मानसिक त्रासाचा अवाढव्य आकडा घातल्याने हाती जास्त पडत नाही. वापराबद्दल काही रक्कम वजा होईल का, ते सांगता येत नाही. सामनेवाल्याला आयोगाची नोटीस तक्रारीच्या प्रतीसह कोणत्या दिवशी पोचली याची नोंद ठेवा: लेखी उत्तराला 30 दिवस, वर फार तर 15, आणि त्यानंतर उत्तर घेता येत नाही, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने 2020 मध्ये सांगितले आहे. उशिरा आलेल्या उत्तरावर हरकत तिथल्या तिथे लेखी नोंदवा.

तोपर्यंत लॅपटॉप फॉरमॅट करू नका, कुणाकडून उघडून घेऊ नका आणि ते कार्ड दुसऱ्या यंत्रात वापरू नका.