धम्मदीक्षेला कलेक्टरची परवानगी लागते का?

प्रश्न : आम्ही मूळचे जळगावचे, दोन पिढ्या सुरतेत आहोत. यंदा विजयादशमीला आम्हा तिघांना धम्मदीक्षा घ्यायची आहे. काका म्हणतात, घटनेनेच बौद्धांना हिंदूंत धरलंय, मग परवानगी कशाला? आणि मुलाची सवलत जाईल का?

उत्तर : सप्रेम जय भीम. काकांच्या म्हणण्यावर विसंबू नका. घटनेच्या कलम २५ मध्ये ‘हिंदू’ शब्दात बौद्धांनाही धरणारं जे स्पष्टीकरण आहे, ते समाजसुधारणा आणि मंदिरप्रवेशाच्या कायद्यांपुरतं आहे. गुजरात सरकारने २००६ मध्ये बौद्धांना हिंदूंचा पंथ ठरवणारी दुरुस्ती आणली होती, ती मागे घ्यावी लागली. आणि ८ एप्रिल २०२४ च्या गृहखात्याच्या परिपत्रकात स्पष्टच लिहिलंय की बौद्ध धर्म स्वतंत्र आहे, म्हणून धर्मांतरावर नियम घालणारा गुजरातचा २००३ चा धर्मस्वातंत्र्य कायदा लागू होतो.

आता त्या कायद्याचं कलम ५. पूर्वपरवानगी काढायची ती दीक्षा देणाऱ्याने, आणि विधीत प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष भाग घेणाऱ्यांनीही. म्हणजे भंतेजी (दीक्षा देणारे भिक्खू) आणि सोहळा भरवणारं मंडळ. त्यांनी अर्ज केलाय का, हे आजच विचारा. महिनाभर आधी तरी तो कलेक्टर कचेरीत पोचायला हवा. तुमचं काम दीक्षेनंतरचं : १० दिवसांत, विहित नमुन्यात, तिघांनी वेगवेगळं कलेक्टरला कळवायचं. टपालाने पाठवून मोकळे होऊ नका. दुसऱ्या प्रतीवर आवक क्रमांक, तारीख आणि शिक्का घ्या. उद्या कुणी तक्रार केली तर तीच पोच तुम्हाला वाचवील, कारण हे न पाळल्यास एक वर्षापर्यंत कैद होऊ शकते.

माणसाने आपली श्रद्धा बदलताना सरकारच्या दारात उभं राहावं, हे मला अजिबात पटत नाही. हिमाचल उच्च न्यायालयाने २०१२ मध्ये तिथली आगाऊ नोटिशीची अट रद्द केली होती. पण तो निकाल गुजरातला बांधील नाही. ही लढाई कोर्टात जरूर लढावी. तुमच्या मुलाच्या शिक्षणाच्या वर्षांत ती तुमच्या घरावर ओढवून घेऊ नका.

मुलाची अनुसूचित जातीची सवलत धर्मामुळे जाणार नाही. अनुसूचित जातींच्या १९५० च्या आदेशात १९९० पासून बौद्धांचा समावेश आहे. अडचण येईल ती स्थलांतराची : तुमचा दाखला मूळ राज्याचा, त्यामुळे केंद्राच्या जागांसाठी चालेल, गुजरात राज्याच्या जागांसाठी नाही. आणि फॉर्म भरताना धर्माच्या रकान्यात ‘बौद्ध’ लिहा, पण जातीच्या रकान्यात मूळ जातच ठेवा. दोन्हीकडे ‘बौद्ध’ लिहिलं की पुढे जातपडताळणीत कागद अडतात.