काका 12 वर्षं जमीन कसतायत, ती त्यांची झाली का?

तुम्ही लिहिलंय की वाटणीत वडिलांच्या नावावर आलेली सव्वा एकर 2010 पासून चुलत काका कसतायत आणि आता 12 वर्षं उलटली म्हणून ती आमचीच असं म्हणतायत. घाबरू नका, नुसतं कसलं म्हणून जमीन जात नाही. दावा कधीपर्यंत लावता येतो ते ठरवणाऱ्या मुदतीच्या कायद्यातलं (1963) आर्टिकल 65 बघा, 12 वर्षं मोजायची ती ताबा मालकाच्या विरोधात गेल्या दिवसापासून, नांगर धरल्यापासून नाही. वडिलांनी "तू बघ रे जमिनीकडे" म्हणून दिली असेल, काका वाट्याचं धान्य पाठवत असतील तर तो परवानगीचा ताबा, तो कितीही वर्षं चालला तरी आपोआप विरोधी होत नाही. उघडपणे "ही माझी, तुमचा संबंध नाही" कधी म्हणाले ते महत्त्वाचं आणि ते त्यांनी सिद्ध करायचंय, तुम्ही नाही. वाटणी झालीच नसेल तर सहहिस्सेदाराच्या विरोधात हे सिद्ध करणं अजून अवघड.

पण सातबारा आपल्या नावावर आहे ना, म्हणून गप्प बसू नका, ही कळकळीची विनंती. सातबाऱ्यानं मुदत थांबत नाही, नोटिशीनंही नाही, दावा दाखल केला तरच थांबते. आमची विहिरीलगतची सात गुंठे अशीच गेली, बाबांनी शेजाऱ्याला तीन नोटिसा पाठवल्या, पोचपावत्या ट्रंकेत पिशवीत जपून ठेवल्या आणि दावा लावला तेराव्या वर्षी. पहिल्या नोटिशीत "तुम्ही आमच्या हद्दीत घुसून जागा आपली सांगताय" असं तारखेसकट लिहिलं होतं, तोच कागद समोरच्या वकिलानं कोर्टात दाखवला की बघा, यांना तेव्हापासून माहीत होतं. 12 वर्षं भरली की त्याच कायद्याच्या कलम 27 प्रमाणे मालकी हक्कच संपतो, मग मोजणीची क प्रत (सरकारी मोजणीचा नकाशा) घेऊन कुठंही फिरा.

आणि सुप्रीम कोर्टाच्या 2019 च्या रविंदर कौर ग्रेवाल निकालापासून ताबेदार स्वतःहूनही विरोधी ताब्यानं जमीन माझी झाली असा दावा लावू शकतो, म्हणजे काका आधी कोर्टात जाऊ शकतात. सरकारी जमिनीला 30 वर्षं, तुमची खाजगी आहे. कोविडमधला 15 मार्च 2020 ते 28 फेब्रुवारी 2022 हा काळ सुप्रीम कोर्टानं मुदतीतून वगळलाय, तेवढी सवड हिशोबात धरायला वकिलाला सांगा, पण तिच्या भरवशावर राहू नका.

वडील आहेत तोवर त्यांच्याकडून नीट विचारून घ्या, जमीन कुणासमोर दिली, धान्य शेवटचं कधी आलं, काकांच्या हातचं एखादं पत्र, पैसे पाठवल्याची पावती, काहीही. आमच्या बाबांना हे विचारायचं राहून गेलं.