गुडघ्याचं ऑपरेशन ठरलंय, महिनाभरात घरी काय तयारी करू?

प्रश्न : माझी आई 66 वर्षांची आहे, डाव्या गुडघ्याचं रिप्लेसमेंट पुढच्या महिन्यात ठरलंय. दहा वर्षांपासून शुगर आहे, रक्त पातळ व्हायची गोळी चालू आहे. संडास देशी पद्धतीचा. डॉक्टर म्हणाले तयारीनिशी या, पण पैसे सोडून कसली तयारी?
– एक वाचक, सातारा

उत्तर : ताई, महिना हातात आहे हे फार बरं झालं. सगळ्यात आधी आईंचे पाय बघा, अगदी खाली बसून बोटांच्या बेचक्या उघडून बघा, चिखल्या आहेत का, टाचेच्या भेगेतून रक्त येतंय का, नखाशी पू आहे का. दात किडलाय किंवा लघवीला जळजळ होतेय तेही विचारा, कारण असा जंतुसंसर्ग रक्तातून नव्या सांध्यात गेला तर नुसत्या गोळ्यांनी भागत नाही, कधीकधी सांधा काढून परत बसवावा लागतो. तारीख पुढे जाईल म्हणून बायका हे लपवतात हो, जाऊ दे पुढे, पण सांगा. आणि पायाचे केस घरी ब्लेडने काढू नका, बारीक कापलं तरी तिथून जंतू शिरतात.

तीन महिन्यांची सरासरी शुगर म्हणजे एचबीएवनसी साडेसात-आठच्या वर असेल तर बरेच सर्जन थांबायला सांगतात, म्हणून ती आत्ताच तपासा. रक्त पातळ व्हायची गोळी मनाने बंद करू नका, कधी थांबवायची ते सर्जन आणि गोळी देणारे डॉक्टर मिळून ठरवतील. काढे, चूर्णं चालू असतील तर तीही सांगा.

व्यायामाचं मात्र मी कळकळीने सांगते. दुखतं म्हणून वर्षानुवर्षं बसून मांडीचा पुढचा स्नायू वाळतो आणि ऑपरेशननंतर उभं राहायला तोच लागतो. पलंगावर पाय सरळ, गुडघ्याखाली टॉवेलची गुंडाळी, ती खाली दाबून पाच अंक मोजायचे, सोडायचं, असं दहा वेळा, दिवसातून तीनदा. वॉकरही आधीच आणा, बऱ्याच ठिकाणी त्याच दिवशी नाहीतर दुसऱ्या दिवशी चालवतात, तेव्हा तो हाताला नवा नको.

घरात कमोडची खुर्ची, बाथरूमला पक्का दांडा, हात असलेली उंच खुर्ची हवी, आणि पायपुसणी उचलून ठेवा. आई पूजा खाली बसून करत असतील तर देवही आत्ताच टेबलावर घ्या, म्हणजे दवाखान्यातून आल्यावर खुर्चीत बसून त्यांना स्वतःच्या हाताने दिवा लावता येईल.