एअरपोर्टला सिक्युरिटीत नवीन लागलायस ना, मग हे वाच

भावा, पहिल्यांदा हे डोक्यात पक्कं बसव की तू सीआयएसएफचा (केंद्रीय औद्योगिक सुरक्षा दलाचा) जवान नाहीयेस, १९९९ च्या कंदहार विमान अपहरणानंतर मोठ्या एअरपोर्टची मेन सिक्युरिटी २००० पासून हळूहळू त्यांच्याकडे गेली, आपण ‘पसारा’ (PSARA) कायद्याखालचे, म्हणजे प्रायव्हेट सिक्युरिटी एजन्सींसाठीच्या २००५ च्या कायद्यातले प्रायव्हेट गार्ड. पोलिसांचे अधिकार आपल्याला नाहीत. कोणी अंगावर आला, शिव्या दिल्या तरी हात उचलायचा नाही, दोन पावलं मागे हो आणि वॉकीवर शिफ्ट इन्चार्जला सांग.

आता पकडायचं कधी? नवीन बीएनएसएसच्या (भारतीय नागरिक सुरक्षा संहिता, जुन्या सीआरपीसीच्या जागी आलेला कायदा) कलम ४० मधे सामान्य माणसाला जेवढी सूट आहे तेवढीच तुला, म्हणजे तुझ्या डोळ्यासमोर दखलपात्र (ज्यात पोलीस वॉरंटशिवाय अटक करू शकतात) आणि अजामीनपात्र (ज्यात जामीन हक्काने मिळत नाही) असा गुन्हा झाला तरच (किंवा फरार घोषित गुन्हेगार असेल तर), आणि मग विनाकारण उशीर न करता, जास्तीत जास्त सहा तासात पोलिसांच्या ताब्यात द्यायचं. संशय आला म्हणून कोणाला खोलीत कोंडून ठेवलंस तर केस उलट तुझ्यावरच होईल, हे मी मनापासून सांगतोय कारण आमच्या शिफ्टला एक चांगला पोरगा असाच अडकला होता, बॅग चोरली असेल म्हणून प्रवाशाला दार लावून बसवलं आणि बॅग निघाली दुसऱ्याच बेल्टवर.

बेवारस बॅग दिसली तर हात लावू नको, ढकलू पण नको, लोकांना लांब कर आणि लगेच कळव. आणि वेळ डायरीत लिही, तिथल्या तिथे.