आधी 'कशावरून?', मग निबंध

सप्रेम नमस्कार,

सातवीची मुलं निबंधात गाइडमधलंच उतरवतात, ही तुझी तक्रार रास्त आहे. पण 'पावसाळ्यातील एक दिवस' असा विषय दिल्यावर ती दुसरं काय करणार? त्यात वाद घालण्यासारखं काही नाहीच. महिनाभर निबंध बाजूला ठेव आणि आठवड्याच्या दोन तासिका उताऱ्यांना दे.

उतारा दीडशे शब्दांचा पुरे. त्याहून लांब घेतलास तर ३५ मिनिटं वाचण्यातच जातात, बोलणं राहून जातं. पहिलं वाचन मूक, पेन्सिल खाली ठेवून. दुसऱ्या वाचनाला पेन्सिल हातात, पण रेघा तीनच: लेखकाच्या म्हणण्याखाली एक, त्याने दिलेल्या कारणाखाली एक, आणि पटलं नाही तिथे एक. मर्यादा घातली नाहीस तर अख्खा उतारा अधोरेखित होऊन येईल; मुलांना सगळंच 'महत्त्वाचं' वाटतं.

मग फळ्यावर दोन वाक्यं लिही. 'गावात एप्रिलपासून टँकर येतो.' 'लोक पाणी वाया घालवतात म्हणून टंचाई होते.' दोन्हींना एकच प्रश्न: कशावरून? पहिल्याचं उत्तर ग्रामपंचायतीत मिळेल. दुसऱ्यातला 'म्हणून' मात्र लिहिणाऱ्याने पदरचा घातलाय. पाऊस किती झाला, विहिरी कधी आटल्या, ऊस किती आहे, यातलं काही त्याने पाहिलेलं नाही. 'म्हणून', 'सगळेच', 'नेहमी', 'असं म्हणतात' हे शब्द दिसले की थबकायचं, एवढी सवय या वयाला पुष्कळ झाली.

लिखाणाला विषय दे दप्तराचा. आधी असं येईल: 'दप्तराचे ओझे खूप असते. त्याने त्रास होतो. म्हणून ते कमी झाले पाहिजे.' तिन्ही वाक्यं जागच्या जागी फिरताहेत. वजनकाटा आण. (मुलांची वजनं वर्गात मोठ्याने वाचू नकोस, ज्याची त्याने चिठ्ठीवर लिहावी.) २०२०च्या दप्तर धोरणानुसार दप्तर मुलाच्या वजनाच्या १० टक्क्यांपेक्षा जड नसावं. आता तेच मूल लिहितं: 'माझे वजन ३२ किलो, दप्तर ५ किलो. ते ३ किलो २०० ग्रॅमपर्यंतच हवे. त्यात पाण्याची बाटलीच एक किलोची आहे.' हे बाटलीचं वाक्य फळ्यावरून उतरवता येत नाही, दप्तर उपसल्यावरच सुचतं.

पुढचा परिच्छेद 'पण'ने सुरू करायला लाव. दप्तर हलकं व्हावं म्हणून राज्यात २०२३-२४ मध्ये पुस्तकांचे चार भाग करून त्यात वहीची पानं जोडली आणि २०२५ मध्ये तो निर्णय मागे घेतला. ती पुस्तकं वापरलेल्या मुलांना दोन्ही बाजूंनी बोलता येतं.

पहिला खर्डा एकाआड एक ओळ सोडून. त्यावर तू फक्त 'कशावरून?' लिहायचं, ऱ्हस्व-दीर्घ दुसऱ्या खर्ड्यात. सगळं एकदम लाल केलंस तर पुढच्या वेळी मूल बिनचूक येणारे शब्दच वापरेल आणि निबंध आणखी गुळगुळीत होईल. चाळीस वह्यांपैकी आठवड्याला दहाच तू बघ. बाकीच्या जोडीदाराने बघायच्या, विश्वास बसला नाही त्या वाक्यासमोर प्रश्नचिन्ह टाकायचं. पहिल्या आठवड्यात ती प्रश्नचिन्हं मैत्री सांभाळून पडतील, म्हणजे पडणारच नाहीत. तेव्हा जोड्या बदल.