‘क्लिअर’च्या भावंडांविषयी

गंगापूर रोड, नाशिक

प्रिय मुली,
अनेक आशीर्वाद.

रॉटरडॅमच्या खरेदीदाराला पाठवायच्या ईमेलचा तुझा मसुदा वाचला. व्याकरणात बोट ठेवायला जागा नाही. पण पहिल्या परिच्छेदात ‘क्लिअर’ आलं, आणि त्यानंतर तू ते परत येऊच दिलं नाहीस. अटी ‘ल्युसिड’ झाल्या, दर ‘पेल्युसिड’ झाले आणि द्राक्षांच्या घडांचे फोटो चक्क ‘एक्स्प्लिसिट’! हा शेवटचा शब्द आधी काढ. ‘एक्स्प्लिसिट फोटो’ म्हटल्यावर इंग्रजी वाचणाऱ्याच्या डोळ्यांपुढे जे येतं, त्याचा पिंपळगावच्या थॉमसन सीडलेसशी काडीचाही संबंध नाही.

एकच शब्द पुन्हा पुन्हा वापरू नये, असं निबंधाच्या तासाला शिकवतात. व्यवहाराच्या कागदात नेमकं उलटं असतं. तिथे शब्द बदलला की वाचणाऱ्याला वाटतं, वस्तूच बदलली. तू थिसॉरस, म्हणजे समानार्थी शब्दांचा कोश, उघडून बसली होतीस हे ओळीओळीत दिसतं. पीटर मार्क रॉजे पेशाने डॉक्टर. त्यांनी १८५२ मध्ये तो छापला तेव्हा शब्द कुळांप्रमाणे मांडले, अर्थ मात्र दिले नाहीत. शब्द ठाऊक आहे पण ऐनवेळी आठवत नाही, अशा माणसाच्या तो कामाचा. ओळख नसलेला शब्द तिथून उचलणं म्हणजे लग्नाच्या मांडवातून दुसऱ्याच्या चपला घालून निघणं. दिसतात आपल्यासारख्याच, चार पावलांवर चावायला लागतात.

‘क्लिअर’ऐवजी दुसरा शब्द घ्यावासा वाटला की मी एवढंच बघतो: समजण्याच्या आड काय येत होतं?

आड अंधार असेल तर ‘ल्युसिड’. त्याच्या मुळाशी लॅटिनमधला प्रकाश आहे. किचकट विषय कुणी उजळून दाखवला की ते विवेचन ल्युसिड. या शब्दाचं नातं कागदापेक्षा मनाशी जास्त. मानसिक आजार असलेला माणूस मध्येच भानावर येतो, त्या काळाला वकील आणि डॉक्टर ‘ल्युसिड इंटर्व्हल’ म्हणतात. म्हणून दुसऱ्याच्या लेखनाला ल्युसिड म्हणावं, स्वतःच्या अटींना म्हटलं तर आपलीच पाठ थोपटल्यासारखं होतं. ‘लिम्पिड’ आणि ‘पेल्युसिड’ हे त्याचे शेजारी, पण ते कवितेत शोभतात. नितळ पाणी, नितळ डोळे, नितळ गद्य. दरपत्रकात त्यांचं काय काम? गंमत अशी की आपल्या मम्मटाने, त्या संस्कृत काव्यशास्त्रकाराने, ‘काव्यप्रकाशा’त प्रसाद हा गुण सांगताना दोन उपमा शेजारी शेजारी ठेवल्या आहेत: वाळलेल्या लाकडात पसरणारा अग्नी आणि स्वच्छ पाणी. इंग्रजीने या दोन प्रतिमांचे दोन वेगळे शब्द केले, आपण दोन्ही ‘प्रासादिक’मध्ये सामावून घेतल्या.

‘एक्स्प्लिसिट’ हा तुझ्या कामाचा खरा शब्द, फक्त तो फोटोंना लावू नकोस. त्याच्या मुळाशी घडी आहे. उलगडलेलं ते एक्स्प्लिसिट, घडीत राहिलेलं ते इम्प्लिसिट. ‘एक कंटेनर द्राक्षं पाठवतो’ हे वाक्य पुरेपूर क्लिअर आहे, पण जात कोणती, मण्याचा आकार किती मिलिमीटर, गोडी किती ब्रिक्स (साखरेचं माप), हे सगळं घडीतच राहिलं. १८७२ च्या भारतीय करार कायद्याचं २९ वं कलम काढून वाच. त्यातलं उदाहरण असं: एकाने दुसऱ्याला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं, कोणतं तेल ते कुठेच कळत नाही, म्हणून करार निरर्थक. त्याच कलमात पुढे विकणारा फक्त खोबरेल तेलाचा व्यापारी आहे, आणि तिथे करार टिकतो, कारण न बोललेलं त्याच्या धंद्यावरून कळतं. तुमची कंपनी थॉमसनही पाठवते आणि शरद ही दुसरी जातही. म्हणजे तुम्ही पहिल्या उदाहरणात बसता. घडी उलगडूनच लिहायला हवी.

‘डिस्टिंक्ट’मध्ये आड येते ती सरमिसळ. देकार्त या फ्रेंच तत्त्ववेत्त्याने १६४४ मध्ये हा भेद मांडला. लक्ष देणाऱ्या मनासमोर हजर आहे ते क्लिअर, आणि शिवाय इतर सगळ्यापासून वेगळं काढता येतं ते डिस्टिंक्ट. तीव्र वेदना क्लिअर असते पण डिस्टिंक्ट असेलच असं नाही, हे उदाहरण त्याचंच. दाढ दुखायला लागली की पटतं. पॅकहाऊसमधले दोन लॉट वेगळे ठेवले आहेत हे सांगायचं असेल तर हाच शब्द घे.

‘ट्रान्सपरंट’ मात्र जपून वापर. दराबाबत आम्ही ट्रान्सपरंट आहोत, म्हणजे काही लपवत नाही, इथवर ठीक. पण ‘ट्रान्सपरंट’ सबब म्हणजे जिच्या आरपार खोटेपणा दिसतो ती. आणि संगणकवाल्यांच्या भाषेत वापरणाऱ्याला ट्रान्सपरंट म्हणजे त्याच्या लक्षातही येणार नाही असं. शिवाय रेसिड्यूचा, म्हणजे फळावर उरलेल्या कीटकनाशकांचा, अहवाल जसाच्या तसा जोडला तर तो ट्रान्सपरंट झाला, समजायला सोपा झाला असं नव्हे.

‘लेजिबल’ आणि ‘रीडेबल’ यांत फारसं काही नाही. एक अक्षराचं, दुसरं लेखनाचं.

खुद्द ‘क्लिअर’लाही धार आहे. ‘ॲज आय क्लिअरली स्टेटेड’ हे तू दोनदा लिहिलं आहेस. त्याचा सूर ‘एकदा सांगितलं ना!’ असा लागतो. नव्या ग्राहकाशी असं बोलू नये. ‘क्लिअरली’ गाळ, वाक्य तसंच राहतं.

आता सगळ्यात महागात पडेल ते. कागदपत्रांच्या यादीत तू ‘क्लिअर बिल ऑफ लेडिंग’ लिहिलं आहेस. बिल ऑफ लेडिंग म्हणजे माल जहाजासाठी ताब्यात घेतल्याचा वाहतूक कंपनीचा कागद. तिथे ‘क्लीन’च हवं. मालात किंवा पॅकिंगमध्ये दोष आहे असा शेरा ज्यावर नाही, ते क्लीन. लेटर ऑफ क्रेडिटसाठी, म्हणजे खरेदीदाराच्या बँकेने दिलेल्या पैशांच्या हमीपत्रासाठी, बँका जे यूसीपी ६०० हे आंतरराष्ट्रीय नियम पाळतात, त्यांच्या २७ व्या कलमात ही व्याख्या आहे, आणि कागदावर ‘क्लीन’ हा शब्द छापलेलाच असला पाहिजे असं नाही हेही तिथेच म्हटलं आहे. मराठीत दोन्हीला ‘साफ’ म्हणून भागेल, बँकेत भागणार नाही.

मसुदा दुरुस्त करून पाठव. ‘क्लिअर’ चार वेळा आलं तरी चालेल. जात, आकार आणि ब्रिक्स पहिल्या पाच ओळींत येऊ देत. शनिवारी सकाळी मी घरीच आहे, फोन करून ये.

तुझे
काका