प्रश्न तुमचे: झोपेची तपासणी शिकायची आहे

झोपेचे आजार शोधण्यासाठी रात्रभर जी तपासणी होते, तिच्याबद्दल मी या पानावर लिहिलं होतं. त्यानंतर बरीच पत्रं आली. पेशंटची येतील असं वाटलं होतं, पण जास्त पत्रं आली ती हे काम शिकू पाहणाऱ्यांची. मला मनापासून आनंद झाला. एकोणीस वर्षं मी रात्री जागून लोकांची झोप पाहते आहे, आणि या कामाला चांगल्या माणसांची गरज आहे. त्यातली चार पत्रं घेते.

मी विज्ञानाची पदवीधर आहे, सध्या ईसीजी विभागात काम करते. स्लीप टेक्नॉलॉजिस्ट व्हावंसं वाटतंय. यात नेमकं शिकवतात काय? यंत्र चालवता आलं की झालं का?

ईसीजीचं काम करता म्हणजे एक मोठी पायरी तुम्ही चढलेल्या आहात. अनोळखी माणसाच्या अंगाला हात लावताना त्याला अवघडू द्यायचं नाही, हे तुम्हाला जमतं. यंत्राचं म्हणाल तर ते महिन्याभरात सवयीचं होतं. वेळ लागतो तो हात बसायला आणि नजर तयार व्हायला.

आधी हाताचं सांगते. पूर्ण तपासणीचं नाव पॉलिसोम्नोग्राफी, आम्ही आपसांत पीएसजी म्हणतो. तिच्यात मेंदूच्या लहरींसाठी डोक्यावर, तसंच डोळ्यांच्या कडांना, हनुवटीवर, दोन्ही नडग्यांवर आणि छातीवर इलेक्ट्रोड लागतात. नाकाशी हवेचा दाब मोजणारी नळी आणि श्वासाची ऊब ओळखणारा थर्मिस्टर, छातीला आणि पोटाला एकेक पट्टा, बोटाला ऑक्सिजनची क्लिप. शिवाय कॅमेरा. हे सगळं लावायला मला आता पाऊण तास पुरतो. शिकत होते तेव्हा दोन तास जायचे, आणि समोरचा माणूस बसल्या बसल्या पेंगायला लागायचा.

डोक्यावरच्या जागा अंदाजाने ठरत नाहीत. टेप घेऊन नाकाच्या मुळाशी असलेल्या खळगीपासून डोक्यामागच्या हाडाच्या उंचवट्यापर्यंत मोजायचं. समजा ३६ सेंटिमीटर भरलं, तर १८ वर मध्य, आणि दहा टक्के म्हणजे ३.६ सेंटिमीटर. तसंच एका कानापासून दुसऱ्या कानापर्यंत. ही टेन-ट्वेंटी पद्धत हर्बर्ट जॅस्पर यांनी १९५८ मध्ये मांडली आणि आजही जगभर तीच चालते. खूण करायची, केस दोन्हीकडे सारून बारीक भांग पाडायचा, खरखरीत जेलने कातडी हलकेच घासायची, पेस्ट भरलेला इलेक्ट्रोडचा कप बसवायचा आणि वरून गॉजचा तुकडा दाबायचा. मग इम्पीडन्स, म्हणजे कातडी आणि इलेक्ट्रोड यांच्यातला विजेला होणारा अडथळा, बघायचा. तो ५ किलोओमच्या खाली हवा. स्क्रीनवर ७ दिसला की ‘चालेल’ म्हणावंसं वाटतं, कारण पेशंट कंटाळलेला असतो आणि आपणही. तेव्हा न लाजता पुन्हा कप काढा, पुन्हा घासा, पुन्हा लावा.

माझी एक चूक सांगते, म्हणजे हे का म्हणते ते कळेल. पहिल्याच वर्षी एका वयस्कर गृहस्थांच्या नाकातली नळी मध्यरात्रीनंतर सरकली. दाबाची रेघ सपाट झालेली मला दिसत होती. पण त्यांना फार मुश्किलीने झोप लागली होती. आत गेले तर उठतील, या भीतीने मी दोन तास तशीच बसून राहिले. सकाळी डॉक्टरांनी पाहिलं तर ज्या तासांत श्वास सर्वांत जास्त अडखळला असणार, त्याच तासांचा हिशोब लागत नव्हता. श्वासाचा प्रवाह निदान ३० टक्क्यांनी आणि निदान १० सेकंद कमी झाला, त्याबरोबर ऑक्सिजन उतरला किंवा मेंदू क्षणभर जागा झाला, तरच त्याला हायपॉप्निया म्हणता येतं. प्रवाहच दिसत नसेल तर मोजणार काय? त्यांना दुसऱ्यांदा एक अख्खी रात्र वायरी लावून झोपावं लागलं. माझ्यावर ते रागावले नाहीत, त्याचं मला अजून वाईट वाटतं. आता मी बिनआवाजाचे बूट घालते आणि छोट्या टॉर्चच्या उजेडात दोन मिनिटांत काम करून बाहेर येते. बहुतेक जण कूस बदलून पुन्हा झोपतात.

आता नजर. रात्रीची नोंद तीस-तीस सेकंदांच्या पानांत वाचतात, एका पानाला एपॉक म्हणतात. आठ तासांचे ९६० एपॉक होतात आणि प्रत्येकाला एक अवस्था द्यायची असते, यालाच स्कोअरिंग म्हणतात: जाग, उथळ झोपेपासून गाढ झोपेपर्यंत एन-वन, एन-टू, एन-थ्री, किंवा आर, म्हणजे रेम, डोळे भराभर हलतात ती स्वप्नांची झोप. आधी १९६८ चे नियम होते, त्यांत गाढ झोपेचे दोन टप्पे धरत. २००७ च्या नव्या नियमावलीत ते एकत्र करून एन-थ्री झालं. एन-टूमध्ये स्पिंडल, म्हणजे जलद लहरींचे छोटे झुबके, शोधायचे, ११ ते १६ हर्ट्झचे, निदान अर्धा सेकंद टिकणारे. एन-थ्रीमध्ये ७५ मायक्रोव्होल्टपेक्षा उंच संथ लाटा, त्याही एपॉकचा पाचवा हिस्सा तरी भरायला हव्यात.

हे नियम पाठ व्हायला आठवडाही लागत नाही. पण एकदा एका तरुणाच्या नोंदीत मी भराभर एन-थ्री देत सुटले होते. डोक्यावरच्या सगळ्या रेघा संथ झोके घेत होत्या. माझ्या सीनियर मॅडमनी फक्त एवढंच म्हटलं, “व्हिडिओ लाव.” लावला तर तो गळ्यापर्यंत पांघरूण ओढून घामाघूम झालेला होता. ते झोके घामाचे होते. घामाने इलेक्ट्रोडखालचा संपर्क बदलतो आणि रेघ हेलकावे खाते. खोली थंड केली, पंखा लावला की ते थांबतात. त्या दिवसापासून रेघ विचित्र दिसली की मी आधी माणसाकडे बघते. ही सवय तुम्हाला कोण लावेल, ते शोधा.

म्हणून संस्था निवडताना फीच्या आधी हे विचारा: शिकताना मी स्वतःच्या हाताने किती पेशंटना इलेक्ट्रोड लावीन? किती रात्री लॅबमध्ये बसेन? माझं स्कोअरिंग कोण तपासेल, आणि चूक निघाली तर माझ्या शेजारी बसून दाखवेल का? अभ्यासक्रम काही महिन्यांचे असतात तसे दोन वर्षांचेही. पण या प्रश्नांना गुळमुळीत उत्तरं आली तर मुदत कितीही असो, दुसरीकडे बघा. सीपीआरचं प्रशिक्षण लागतंच. अनुभव जमला की आरपीएसजीटी या स्लीप टेक्नॉलॉजिस्टच्या प्रमाणपत्र परीक्षेचा विचार करा. ती अनेक देशांत मानली जाते आणि दर पाच वर्षांनी नूतनीकरण करावं लागतं, त्यामुळे अभ्यास सुटत नाही.

माझ्या मुलीला या कोर्सला प्रवेश मिळालाय. कायम रात्रपाळी म्हणून मला धास्ती वाटते. आई म्हणून काय करू?

ताई, तुमची धास्ती खोटी नाही. दिवसा झोपणं शरीराला जड जातं, आणि दुसऱ्यांची झोप सुधारता सुधारता स्वतःची घालवलेले सहकारी मी पाहिले आहेत. तुम्ही मुलीला खरी मदत करू शकता. ती सकाळी आली की घर तिच्यासाठी रात्र होऊ द्या. खोलीत मिट्ट काळोख, फोन बाहेर, आणि दारावरची बेल वाजली तर तुम्ही उठा. “जरा दोन मिनिटं उठ गं” हे वाक्य घरात कुणी उच्चारू नये. येताना उन्हाचा चष्मा घालायला सांगा, आणि ड्यूटीनंतर गाडी तिने चालवू नये, हे माझं अगदी आग्रहाचं सांगणं आहे. रात्री सलग घेऊन मग सलग सुट्टी मिळत असेल तर शरीर जरा सावरतं. तिला फिट्सचा त्रास असेल तर मात्र आधी डॉक्टरांशी बोला.

दिवसाचंही काम असतं. अति झोप येणाऱ्यांची एमएसएलटी, म्हणजे झोप किती लवकर लागते ते मोजणारी तपासणी, दिवसा होते, दर दोन तासांनी एकदा झोपायची संधी देऊन. आणि स्कोअरिंग कुठल्याही वेळी करता येतं.

मी सहा महिन्यांपासून शिकतोय. एन-वनमध्ये माझं आणि सरांचं कधीच जुळत नाही. मला हे जमणार नाही का?

जमेल. एन-वनवर मुरलेल्या लोकांतही मतभेद होतात, ही सगळ्यांत निसरडी अवस्था आहे. माझ्या उपयोगी पडलेली एक गोष्ट सांगते. दिवे घालवायच्या आधी तुम्ही पेशंटला सांगता ना, तीस सेकंद डोळे उघडे ठेवा, तीस सेकंद मिटा, उजवीकडे-डावीकडे बघा, पापण्या मिचकावा, दात आवळा, पाऊल हलवा? बरेच विद्यार्थी ते उरकून टाकतात. प्रत्येक स्कोअरिंगच्या आधी ते पान उघडा. डोळे मिटल्यावर डोक्याच्या मागच्या बाजूच्या इलेक्ट्रोडवर अल्फा लहरी, म्हणजे निवांत जागेपणीच्या लहरी, कशा दिसतात, ते त्या माणसापुरतं डोळ्यांत साठवा. त्या विरून एपॉकच्या अर्ध्याहून जास्त भागात बारीक मिश्र लहरी आल्या, तर एन-वन. आणि काही माणसांना अल्फा येतच नाही. त्यांच्यात अल्फा शोधत बसलात तर रात्रभर चुकाल, तिथे डोळ्यांची संथ हालचाल बघा. सरांशी न जुळलेले एपॉक वहीत लिहा, शेजारी तुमचं कारण लिहा, आणि सरांना त्यांचं कारण विचारा.

आता घरच्या घरी तपासणी होते, सॉफ्टवेअरही स्कोअर करतं. पाच वर्षांनी ही नोकरी राहील का?

पाच वर्षांचं भविष्य मी सांगत नाही, आजचं सांगते. घरची तपासणी श्वास अडकण्याच्या आजारासाठी चांगली आहे, पण बहुतेक घरगुती यंत्रं मेंदूच्या लहरी घेत नाहीत. झोपेत हातपाय झाडणारा, स्वप्नातली हाणामारी खरोखर करणारा, रात्री फिट येते की काय अशी शंका असलेला पेशंट लॅबमध्येच येतो. सॉफ्टवेअर स्कोअर करतं हे खरं, आणि ते तपासायला घामाचा झोका ओळखणारं माणूस लागतं.

आणि सीपॅप, म्हणजे झोपेत मास्कमधून सतत दाबाची हवा देणारं यंत्र. १९८१ मध्ये कॉलिन सलिव्हन यांनी नाकावाटे दाबाची हवा देऊन अडकणारा श्वास मोकळा करता येतो हे दाखवलं, तेव्हापासून हा उपचार आहे. लॅबमध्ये दाब ठरवताना आम्ही सहसा ४ सेंटिमीटरपासून (हा दाब पाण्याच्या उंचीत मोजतात) सुरू करतो आणि निदान पाच मिनिटं पाहून एकेक वाढवतो. पण मागच्या महिन्यात एक बाई मास्क बघूनच रडायला लागल्या. मी पट्टे बांधलेच नाहीत. मास्क त्यांच्या हातात दिला, हवा सुरू केली, आधी गालावर घेऊ दिली, मग नाकाशी त्यांनीच धरला. वीस मिनिटं आम्ही पलंगाच्या कडेला बसलो होतो. पट्टे त्यांनी स्वतः मागितले. पहाटे चारला त्या उताण्या, रेममध्ये, आवाज न करता झोपल्या होत्या आणि ऑक्सिजनची रेघ सरळ चालली होती. सकाळी केसांतली पेस्ट कोमट पाण्याने काढताना त्यांनी विचारलं, “काय निघालं हो?” निदान सांगणं आमचं काम नाही, ते डॉक्टरांचं. मी म्हटलं, “रिपोर्ट डॉक्टर सांगतील. तुम्ही सांगा, झोप कशी लागली?”

त्या बराच वेळ सांगत होत्या.